पेरू म्हणजे जाम

जिल्ह्याच्या प्रशिक्षणात मॅडमनी फळ्यावर लिहिलं:
पेरू. शंभर ग्रॅम. अडुसष्ट कॅलरी.
प्रथिनं अडीच, तंतू पाचाच्या वर,
ऐंशी ग्रॅम तर नुसतं पाणीच,
आणि क जीवनसत्त्व संत्र्याच्या चौपट.

मागून वरुडची एक सेविका म्हणाली,
"हे आमच्या गावात बोलू नका मॅडम,
बगीचेवाले मारतीन."
सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या
आणि केळ्याकडे वळल्या.

मी ते सगळं आणून
आमच्या सावंगीच्या अंगणवाडीत भिंतीवर उतरवलं,
शौचालयाच्या दारातून उरलेल्या निळ्या ऑइलपेंटनं.
पेरूचा ऊ खाली ओघळला.
शेजारी चित्र काढलं, ते वांग्यासारखं झालं.
पोट्टे रोज म्हणतात, पे रू, अडु सष्ट,
आणि सुट्टी झाली की
बनसोडाच्या आवारातल्या जामाला दगड मारतात.

पेरू भिंतीवर असतो.
झाडाला असतो तो जाम.
हे मला कुणी प्रशिक्षणात सांगितलं नाही,
कुंजननं सांगितलं.
"बाई, पेरू कधी पिकते?"
म्हटलं, अगं, हाच तर तो, तुझ्या हातातला.
तिनं हातातल्याकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं.
"हा त जाम हाय."
आणि एवढ्या मोठ्या बाईला एवढंही कळू नये
अशा नजरेनं तो मला वास घ्यायला दिला.

कुंजन मडावी, वय चार,
वजन अकरा किलो नऊशे, तक्त्यावर पिवळ्या पट्ट्यात.
तिचा जाम एका बाजूनं राघूनं टोचलेला.
पंचफुलाबाई, आमची मदतनीस, म्हणते,
राघू गोड नसलेल्याला चोच लावतच नाही,
त्याले मशीन लागत नाही.
आता अडुसष्टातून
राघूचे किती वजा करू?
आणि कुंजन झाडावर चढली त्याचे किती,
बनसोडाचं कुत्रं मागं लागलं त्याचे,
गुडघा फुटला, रडली,
रडता रडता खाल्ला, त्याचे?
रजिस्टरात एवढे रकाने आहेत,
हा एक नाही.

फोडीला मीठ-तिखट लावलं तर
कॅलरी वाढत नाही, मी विचारलं होतं.
मॅडम म्हणाल्या, नगण्य.
मॅडमनी आमच्या पंचफुलाबाईचं
पाट्यावरचं तिखट खाल्लेलं नाही.

डिसेंबरच्या वजनाच्या दिवशी
कुंजन रांग मोडून आली,
चप्पल काढली, काट्यावर ताठ उभी राहिली,
श्वास धरून, गाल फुगवून.
बारा किलो शंभर!
पंचफुलाबाईनं टाळी वाजवली.
पट्टा पिवळाच, पण रेघ वर चढली.
मी पेन उघडलं
तेव्हा मला वास आला.

"खिशात काय आहे गं?"
"काही नाही."
फ्रॉकचे दोन्ही खिसे गुडघ्यापर्यंत लोंबत होते.
एकातून एक निघाला, दुसऱ्यातून एक,
चांगले टणक, देठासकट.
"खायले नाही आनले," ती म्हणाली,
"वजनाले आनले."

काय बोलायचं असतं अशा वेळी,
तेही प्रशिक्षणात नव्हतं.
नियमानं खिसे रिकामे करून परत उभं करायचं.
केलं. अकरा किलो नऊशे.
ती काट्याच्या आकड्याकडं पाहत राहिली,
मी तिच्याकडं,
बाहेर बाकीचे पोट्टे आपापले खिसे चाचपत होते.

मग मी दोन्ही जाम धुतले,
तिला काट्याशेजारी चटईवर बसवलं.
खा, म्हटलं. दोन्ही.
खिशात असो की पोटात,
काट्याला तेवढाच भार.

ती खात बसली आहे.
बिया दाताखाली कडकड वाजतात.
एका जामाचा देठ तिनं बाजूला काढून ठेवला
आणि, थोडं थांबून, तोही तोंडात टाकला.
रांग खोळंबली आहे, पंचफुलाबाई घड्याळ दाखवते आहे.
मी रजिस्टर उघडं ठेवून,
पेनाचं टोपण दातात धरून
वाट पाहते आहे.